घरच्या वेधशाळेंतील दिवा

वेधशाळा म्हटली म्हणजे दुर्बीण, घुमट आणि काळोखी रात्र या तीन गोष्टी वाचकांच्या डोळ्यांपुढें सहज उभ्या राहतात. दिव्याची आठवण मात्र कोणासच होत नाहीं. ज्या ठिकाणीं अंधारासाठीं एवढा आटापिटा करावयाचा, त्या ठिकाणीं दिव्याचें काय काम, असें कोणीही विचारील. प्रस्तुत लेखकही कांहीं वर्षांपूर्वीं याच समजुतींत होता. परंतु तारे पाहण्यास अंधार हवा हें जितकें खरें, तितकेंच नकाशा वाचण्यास, दुर्बिणीचें नेत्रभिंग बदलण्यास, वहींत टिपण करण्यास आणि पायरी न चुकतां जिना उतरण्यास उजेड हवा, हेंही खरें. हा उजेड कसा असावा, किती असावा आणि कोठें असावा, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे. आमच्या शाळेंतील ज्या विद्यार्थ्यांना आकाशदर्शनाचा छंद लागला आहे, त्यांस त्याचा कांहीं उपयोग झाल्यास श्रम सार्थकीं लागले असें वाटेल.

आमच्या घराच्या गच्चीवर दहा फूट लांब व आठ फूट रुंद अशी एक खोली असून तिचें पत्र्याचें छप्पर लोखंडी रुळांवरून एका बाजूस सरकवितां येतें. मध्यभागीं सिमेंटच्या खांबावर सहा इंची परावर्तक दुर्बीण बसविलेली आहे. शनिवारच्या रात्रीं आकाश निरभ्र असलें म्हणजे शाळेंतील पांचसहा विद्यार्थी, कधीं त्यांचे पालक, कधीं शेजारीपाजारी तेथें जमतात. मार्गशीर्षांतील अशाच एका चांदण्याविरहित रात्रीं शेजारच्या आजीबाई जिना चढून वर आल्या. त्यांचें वय पंचाहत्तरीच्या पुढें. देवयानी तारकासमूहांतील दीर्घिका दुर्बिणीशिवाय पाहावी, अशी त्यांची इच्छा होती. "मास्तर, भिंगांतून कोणीही दाखवील. तेथून निघालेला उजेड पंचवीस लाख वर्षांनीं येतो म्हणतात. तो माझ्या स्वतःच्या डोळ्यांना दिसतो का, तेवढें मला पाहायचें आहे," असें त्या म्हणाल्या. अर्धा तास त्यांना अंधारांत बसविलें, मग तो भाग बोटानें दाखविला. "आजी, सरळ पाहूं नका, जरा कडेला पाहा," असें मीं सांगितलें. "हो, कांहींतरी धुकट आहे खरें—" एवढें शब्द त्यांच्या तोंडून निघतात न निघतात तोंच एका मुलाच्या खिशांतील मोबाईल वाजला, त्यानें तो बाहेर काढिला, आणि त्याच्या पडद्याचा पांढराशुभ्र उजेड सर्वांच्या तोंडावर पडला. मुलानें तो तत्काळ बंद केला; पण आजीबाईंचा धुकट ठिपका गेला तो गेलाच. थंडी वाढली होती, त्यांचे गुडघे दुखत होते. पुन्हां अर्धा तास बसण्याचें त्राण त्यांच्यांत नव्हतें. पंचवीस लक्ष वर्षें प्रवास करून आलेला प्रकाश डोळ्याच्या दाराशीं पोहोंचला असतां दोन सेकंदांच्या उजेडानें त्याला बाहेरच्या बाहेर परत पाठविलें!

या प्रसंगानंतर मीं दुसरें टोक गांठलें. खोलींतील सर्व दिवे काढून टाकिले, फटी बुजविल्या, जिन्यावरचा दिवाही बंद केला. दोन आठवड्यांतच त्याचें फळ मिळालें. आठवीच्या वर्गांतील एका मुलाचा पाय छपराच्या रुळाला अडखळला व तो खांबाच्या पायावर पडला. मनगट मुरगळण्यावर निभावलें ही ईश्वराची कृपा. पण दोष मुलाचा नव्हता, माझा होता. अति उजेडानें एक पाहुणी निराश होऊन गेली व अति अंधारानें एक मूल दुखावलें. तेव्हां या दोहोंच्या मधली वाट शोधणें प्राप्त झालें. ती शोधण्यापूर्वीं आपला डोळा अंधारांत काम कसें करतो, हें समजून घेतलें पाहिजे.

उन्हांतून अंधाऱ्या खोलींत शिरल्याबरोबर आपणांस प्रथम कांहींच दिसत नाहीं, आणि थोड्या वेळानें वस्तु हळूहळू ओळखूं येऊं लागतात, हा अनुभव सर्वांचाच आहे. या अवधींत डोळ्यांत दोन क्रिया घडतात. पहिली ही कीं, बाहुली विस्फारते. भर उजेडांत सुमारें २ मिलिमीटर व्यासाची असलेली बाहुली तरुण माणसाच्या डोळ्यांत अंधारामध्यें ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होऊं शकते. वयाबरोबर ही मर्यादा कमी होत जाते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, हें भूमितींत शिकलेल्या विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहिल्यास या क्रियेनें सुमारें बारा पट प्रकाश अधिक मिळतो असें दिसेल. परंतु अंधारास सरावलेल्या डोळ्याची शक्ति बारा पटींनीं नव्हे, तर हजारों पटींनीं वाढलेली असते. तेव्हां खरें काम दुसऱ्या क्रियेचें आहे, व ती रासायनिक आहे.

नेत्रपटलावर प्रकाश ग्रहण करणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असून त्यांचीं कामें वेगवेगळीं आहेत, ही गोष्ट १८६६ सालीं माक्स शुल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें पुढें मांडली. शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारें साठ लक्ष असून त्या चांगल्या उजेडांत काम करतात. रंग ओळखणें व बारीक अक्षरें वाचणें हीं कामें त्यांचीं. दंडाच्या आकाराच्या पेशी सुमारें बारा कोटि आहेत. त्यांना रंग कळत नाहींत, पण अत्यंत मंद प्रकाश कळतो. या दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नांवाचें एक तांबूस द्रव्य असतें. १८७६ सालीं फ्रान्झ बोल यानें बेडकाच्या नेत्रपटलाचा हा रंग उजेडांत उडून जातो, असें पाहिलें. विटलेलें हें द्रव्य अंधारांत पुन्हां तयार होतें, पण फार सावकाश. अ जीवनसत्त्वावांचून तें बनत नाहीं, म्हणूनच त्या जीवनसत्त्वाच्या अभावीं रातआंधळेपणा येतो. शंकुपेशी सुमारें दहा मिनिटांत अंधारास सरावतात. दंडपेशींना मात्र तीस ते चाळीस मिनिटें लागतात. ठिबकणाऱ्या नळाखालीं ठेवलेला हंडा भरावयास अर्धा तास लागावा, आणि कोणाचा तरी धक्का लागून तो एका क्षणांत उलथावा, तशांतलाच हा प्रकार आहे. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. दृष्टीच्या अगदीं मध्यबिंदूंत केवळ शंकुपेशीच असतात. म्हणून मंद तारा पाहावयाचा असल्यास त्याच्याकडे सरळ न पाहतां किंचित् कडेस पाहावें लागतें. आजीबाईंना मीं तसें सांगितलें तें याच कारणानें.

आतां दिव्याच्या रंगाकडे वळूं. दिवेलागणीच्या सुमारास जास्वंदीच्या झाडाजवळ उभें राहून पाहावें. दिवसां पानांपेक्षां फूल अधिक उठून दिसतें. पण अंधार पडूं लागला म्हणजे तेंच तांबडें फूल काळें पडतें आणि पानें मात्र करड्या रंगाचीं कां होईना, दिसत राहतात. रंगांच्या या उलटापालटीचें वर्णन पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञानें १८२५ सालीं केलें. त्याचें कारण असें कीं, अंधारांत काम करणाऱ्या दंडपेशी तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असतात. ५०७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर हिरव्या प्रकाशाला त्या सर्वांत अधिक जाणतात. त्या ठिकाणची त्यांची ग्रहणशक्ति १ मानिली, तर ५९० नॅनोमीटरच्या नारिंगी प्रकाशास ती सुमारें १/१५, ६३० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशास सुमारें १/३००, आणि ६५० नॅनोमीटरच्या गडद तांबड्या प्रकाशास १/१००० हूनही कमी भरते. शंकुपेशींची गोष्ट निराळी. त्यांची सर्वाधिक शक्ति ५५५ नॅनोमीटरला असली, तरी ६३० ला ती चौथ्या हिश्शाहून थोडी अधिकच शिल्लक राहते. म्हणजे तांबड्या दिव्यानें वाचणाऱ्या पेशींचें काम भागतें, आणि तारे पाहणाऱ्या पेशींची झोंप मोडत नाहीं. तांबडा दिवा वेधशाळेंत वापरण्याचें सारें रहस्य एवढेंच. दुसऱ्या महायुद्धांत रात्रीं उड्डाण करणाऱ्या वैमानिकांना अगोदर तांबड्या कांचांचे चष्मे घालून उजेडांत बसवीत असत, त्याचेंही कारण हेंच.

परंतु येथें एक मोठी चूक होण्याचा संभव असतो. दिवा तांबडा आहे ना, मग तो कितीही मोठा असला तरी चालेल, असें पुष्कळांस वाटतें. १/३०० म्हणजे शून्य नव्हे. मोठा तांबडा दिवा दंडपेशींना छळावयास पुरेसा होतो. उलट अतिशय मंद पिवळा दिवाही पुष्कळदां निरुपद्रवी ठरतो. म्हणून दिव्याचा मंदपणा हा पहिला गुण व तांबडेपणा हा दुसरा, असा क्रम मनाशीं पक्का करावा. शिवाय तांबड्या उजेडाचे स्वतःचे दोषही आहेत. नकाशावर तांबड्या शाईनें छापलेल्या खुणा त्यांत अजिबात दिसेनाशा होतात. तसेंच डोळ्याचें भिंग सर्व रंगांचे किरण एकाच जागीं आणीत नाहीं. तांबडे किरण नेत्रपटलाच्या किंचित् मागें एकत्र होतात. तरुणांचा डोळा हें सावरून घेतो, पण चाळिशी लागलेल्या माणसाला तांबड्या दिव्यापुढें बारीक अक्षर वाचणें जड जातें. अशांनीं आपला वाचनाचा चष्मा जवळ ठेवावा, नकाशा मोठ्या अक्षरांचा घ्यावा, किंवा फारच मंद असा नारिंगी दिवा वापरावा. उजेड वाढविणें हा त्यावरचा उपाय नव्हे.

दिव्यांचे जे प्रकार उपलब्ध आहेत, त्यांचा आतां क्रमानें विचार करूं. रॉकेलचा कंदील किंवा मेणबत्ती यांची ज्योत फुंकर घातल्यासारखी हलते, काजळी धरते, आणि तिच्यावरून वर जाणारी ऊन हवा दुर्बिणीपुढें येऊन ताऱ्याचें प्रतिबिंब थरथरूं लागतें. त्यांचा विचार सोडून दिलेला बरा. जुन्या तारेच्या बल्बाची वीज कमी केली म्हणजे त्याचा प्रकाश मंद तर होतोच, पण आपोआप तांबूसही होतो, हा त्याचा गुण. तथापि तोही तापतो, आणि हादऱ्यानें त्याची तार तुटते. बल्बाला तांबडा रंग फांसण्याची युक्ति अनेकजण करतात. पण त्या रंगाला बारीकसा ओरखडा पडला कीं त्यांतून पांढरा किरण सुईसारखा डोळ्यांत शिरतो. हातांतील बॅटरीच्या तोंडावर तांबडा जिलेटिन कागद बांधणें हा सर्वांत स्वस्त उपाय होय. मात्र एक पदर पुरत नाहीं. चार-पांच घ्यावे लागतात. कागदांतून निळा किंवा हिरवा प्रकाश पाझरतो कीं काय हें पाहावयाचें असल्यास जुनी गाण्याची सीडी घेऊन तिच्या चकचकीत बाजूवर त्या बॅटरीचें प्रतिबिंब पाडावें. प्रतिबिंबाच्या बाजूला जो रंगांचा पट्टा दिसतो, त्यांत तांबड्याशिवाय दुसरा रंग असल्यास आणखी एक पदर चढवावा.

सध्याच्या काळीं सर्वांत सोयीचा दिवा म्हणजे तांबडा एलईडी. डोळ्यांना दिसणारा प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यानें अमेरिकेंत १९६२ सालीं तयार केला, आणि योगायोग असा कीं तो तांबडाच होता. या दिव्याचा विशेष असा कीं, त्यांतून मुळांतच एका लहानशा पट्ट्यांतील तरंगलांबी बाहेर पडते. गाळणीची गरजच राहत नाहीं. तो तापत नाहीं, थोड्या विजेवर चालतो, आणि हवा तितका मंद करतां येतो. बाजारांत मिळणारे सामान्य तांबडे एलईडी ६२० ते ६३० नॅनोमीटरचे असतात. ६६० नॅनोमीटरचे गडद तांबडेही मिळतात. याउलट पांढरा एलईडी हा निळ्याच एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप देऊन बनविलेला असतो. त्यांतील ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला दंडपेशी जवळजवळ निम्म्या शक्तीनें ग्रहण करतात. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तें योग्यच झालें. त्या दिव्यानें जगाची वीज वांचविली. आकाश पाहणाऱ्यानें मात्र त्याच्यापासून जपून राहावें.

असा दिवा विद्यार्थ्यांना स्वतःच तयार करतां येईल. १२ व्होल्टची बॅटरी, एक तांबडा एलईडी, १००० ओहमचा एक कायम रोधक आणि १,००,००० ओहमपर्यंत बदलतां येणारा एक रोधक घ्यावा, आणि हीं सर्व एकामागून एक अशीं जोडावीं. तांबडा एलईडी सुमारें २ व्होल्ट स्वतः घेतो. राहिलेले १० व्होल्ट रोधकांवर पडतात. बदलतां रोधक शून्यावर असतां ओहमच्या नियमानें प्रवाह १० भागिले १०००, म्हणजे १० मिलिअँपिअर होतो. तो पूर्ण फिरविला असतां सुमारें १/१० मिलिअँपिअर उरतो. एकच कळ फिरवून उजेड जवळजवळ शंभर पटींनीं कमी-अधिक करतां येतो. कायम रोधक मात्र विसरूं नये. तो नसल्यास कळ शून्यावर येतांच दिवा जळून जाईल. घरांतील २३० व्होल्टची वीज दुर्बिणीजवळ आणूंच नये, असें माझें आग्रहाचें सांगणें आहे. रात्रीं दंव पडतें, हात ओले होतात, खांब व रूळ लोखंडाचे असतात, आणि अंधारांत तारेचें सोललेलें टोंक दिसत नाहीं. १२ व्होल्टच्या बॅटरीनें सारें काम भागत असतां जिवाशीं खेळ कशाला?

दिवा कसा असावा हें झालें. पण तो कोठें असावा याला मी अधिक महत्त्व देतों. याविषयीं एक सोपा नियम सांगतां येईल: उजेड पायांना व हातांना द्यावा, चेहऱ्याला देऊं नये. पायांसाठीं भिंतीच्या तळाशीं, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तांबड्या एलईडीची पट्टी बसवावी, आणि तिच्यासमोर लाकडाची चिंचोळी फळी अशी लावावी कीं प्रकाश फक्त जमिनीवर पडेल व दिवा स्वतः कोणाच्याही दृष्टीस पडणार नाहीं. उंबरठा, रूळ, खांबाचा पाया आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीची कड यांवर पांढऱ्या रंगाचा दोन बोटें रुंद पट्टा ओढावा. पांढरा रंग मंद तांबड्या उजेडांतही स्पष्ट दिसतो. त्यामुळें दिवा वाढवावा न लागतां पाय सुरक्षित राहतात. कांहीं लोक अंधारांत आपोआप चमकणाऱ्या हिरव्या पट्ट्या चिकटवितात. पण त्यांचा हिरवा रंग दंडपेशींच्या नेमक्या आवडीचा असल्यानें त्या डोळ्यांस खुपतात. भिंतींचा वरचा भाग गडद व निस्तेज रंगानें रंगवावा, म्हणजे उजेड त्यांवरून उसळून वर येत नाहीं.

हातांसाठीं मेजावर एकच लहान दिवा पुरे. तो बगळ्याच्या मानेसारख्या वांकणाऱ्या दांडीवर असावा व वहीच्या अगदीं जवळ आणितां यावा. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत घटते, हें पदार्थविज्ञानांत आपण शिकतों. दोन मीटर उंचीवरचा दिवा अर्ध्या मीटरवर आणिला, तर तेवढाच उजेड सोळाव्या हिश्शाच्या दिव्यानें मिळतो. कपाळावर बांधावयाचा दिवा एकट्यानें काम करणाऱ्यास सोयीचा असतो. पण चारचौघांत तो बांधलेला माणूस ज्याच्याशीं बोलतो त्याच्या तोंडावर झोत टाकतो. त्यापेक्षां गळ्यांत अडकवून खालीं लोंबणारा दिवा बरा. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हर्शल दुर्बिणीशीं उभा राहून जें दिसेल तें मोठ्यानें सांगत असे, आणि त्याची बहीण कॅरोलाइन ही घरांत खिडकीशीं दिव्याजवळ बसून तें लिहून घेई. पाहणाऱ्याला अंधार आणि लिहिणाऱ्याला उजेड, अशी ती वांटणी होती. आमच्याकडेही दोन मुलें मिळून काम करितात तेव्हां आम्ही हीच रीत पाळतों, आणि तिच्याहून चांगली रीत मला अद्याप आढळलेली नाहीं.

पांढरा दिवा वेधशाळेंत असूंच नये असें मात्र नाहीं. हातांतून स्क्रू पडतो, छप्पर अडकतें, कोणाला चक्कर येते, क्वचित् पावसाळ्यानंतर विंचूही निघतो. अशा वेळीं भरपूर उजेड तत्काळ मिळालाच पाहिजे. माणसाच्या सुरक्षिततेपुढें अर्ध्या तासाच्या अंधाराची किंमत कांहींच नाहीं. पांढऱ्या दिव्याचें बटन तांबड्या दिव्याच्या बटनापासून दूर, उंचावर आणि झांकणाखालीं असावें, म्हणजे चांचपडतांना चुकून हात पडणार नाहीं. तें कोठें आहे हें आलेल्या प्रत्येक पाहुण्यास अगोदर दाखवावें, आणि दिवा लावण्यापूर्वीं "डोळे मिटा" असें मोठ्यानें सांगण्याचा परिपाठ ठेवावा. एक डोळा हातानें झांकून घेतला तरी तेवढ्या डोळ्याचा अंधार वांचतो.

आपण लावलेल्या दिव्यांइतकाच त्रास न लावलेल्या दिव्यांचा होतो. वीजपुरवठ्याच्या पेटीवरचा निळा ठिपका, पंख्याच्या रेग्युलेटरवरची खूण, संगणकाच्या कडेला लुकलुकणारा दिवा, हे दिवसां दिसतही नाहींत. रात्रीं मात्र तेच चंद्रासारखे वाटतात. त्यांवर काळी चिकटपट्टी लावावी. संगणकाचा पडदा ही मोठी अडचण आहे. त्यावरचें चित्र काळें असलें तरी मागचा उजेड कांहींसा पाझरतच असतो. म्हणून उजेड अगदीं कमी करून पडद्यावर तांबडा पारदर्शक पत्रा बसवावा, व तो दुर्बिणीकडे पाठ करून ठेवावा. मोबाईलविषयीं आमच्या वेधशाळेचा नियम कडक आहे: जिना चढण्यापूर्वीं प्रत्येकानें तो खालच्या मजल्यावरील टोपलींत ठेवावयाचा. त्या रात्रींचा तो मुलगाच आज या टोपलीचा रखवालदार आहे, आणि तो माझा स्वतःचा मोबाईलही सोडीत नाहीं.

दुर्बिणीला कॅमेरा लावून छायाचित्रें घेणाऱ्यांनीं मात्र वरील विवेचनांतील एक गोष्ट उलटी समजावी. कॅमेऱ्याला डोळ्याप्रमाणें सरावावें लागत नाहीं. पण तो तांबड्या रंगाला आंधळाही नसतो. तेजोमेघांतील हायड्रोजन वायूचा प्रसिद्ध तांबडा प्रकाश ६५६ नॅनोमीटरचा आहे, आणि तो टिपण्यासाठींच कित्येक कॅमेरे मुद्दाम तयार केलेले असतात. गडद तांबडा दिवा नेमका त्याच्या शेजारीं बसतो. तेव्हां छायाचित्र घेणें चालू असतां तांबडे-पांढरे सर्वच दिवे मालवावे, हें उत्तम.

आंतले दिवे आपल्या हातीं असतात, बाहेरचे नसतात. येथें शहाणपणाइतकीच गोडीगुलाबीचीही गरज पडते. आमच्या खोलीच्या पूर्वेस एका घराच्या गॅलरींत रात्रभर एक मोठा पांढरा दिवा जळत असे. तें घर आजीबाईंचेंच. चोरांच्या भयानें तो दिवा लाविला होता, आणि तें भय खोटें म्हणतां येत नव्हतें. मीं त्यांच्या मुलाला एका संध्याकाळीं रस्त्यावर उभें करून तो दिवा दाखविला. डोळे दिपल्यामुळें त्याला स्वतःच्याच फाटकाजवळ उभा असलेला माणूस दिसेना. दुसऱ्या दिवशीं आम्हीं दोघांनीं मिळून दिव्यावर पत्र्याची टोपी बसविली. आतां उजेड अंगणांत पडतो, फाटक स्वच्छ दिसतें, आणि पूर्वेचे तारेही दिसतात. दिव्याखालीं अंधार अशी आपल्याकडे म्हण आहे; पण दिव्याखालीं उजेड व दिव्यावर अंधार असणें हीच दिव्याची खरी रीत होय.

अंधाराचें मोल किती असतें, याचें एक उदाहरण आजीबाईंच्या त्या दीर्घिकेशींच निगडित आहे. १९४३ सालीं महायुद्धामुळें अमेरिकेंतील लॉस एंजलिस शहराचे दिवे मंद ठेवण्यांत येत असत. जवळच्या माउंट विल्सन वेधशाळेंत वॉल्टर बाडे या ज्योतिषशास्त्रज्ञानें या संधीचा फायदा घेऊन शंभर इंची दुर्बिणीनें आणि तांबड्या प्रकाशाला संवेदनशील अशा छायाचित्रणाच्या कांचांनीं देवयानी दीर्घिकेच्या मध्यभागांतील तारे प्रथमच सुटे करून दाखविले. १९४४ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें, आणि ताऱ्यांचे दोन निरनिराळे समुदाय असतात ही कल्पना त्यांतून पुढें आली. अंधार राखण्यासाठीं युद्धाची मात्र वाट पाहण्याचें कारण नाहीं. आपल्या महाराष्ट्रांतील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें आंतरराष्ट्रीय काळोख्या आकाशाचें उद्यान म्हणून मान्यता मिळाली. भारतांत असा मान मिळविणारें तें पहिलेंच स्थळ. दिवे गरजेपुरते असावेत व त्यांचा प्रकाश खालींच पडावा, हें अशा मान्यतेचें मुख्य तत्त्व आहे. पत्र्याच्या टोपीचें तत्त्वही याहून निराळें नाहीं.

शेवटीं, आपला दिवा योग्य आहे कीं नाहीं याची परीक्षा कशी करावी तें सांगून हा लेख पुरा करितों. हिवाळ्यांतील चंद्र नसलेल्या रात्रीं पूर्ण अंधारांत अर्धा तास बसून कृत्तिकांच्या पुंजक्यांतील तारे मोजावे, व आंकडा लिहून ठेवावा. नंतर दिवा लावून त्याच्या उजेडांत पांच मिनिटें नकाशा वाचावा. दिवा मालवून लगेच कृत्तिका पुन्हां मोजाव्या. आंकडा तोच आल्यास दिवा चांगला; एक जरी तारा कमी दिसला, तरी कळ फिरवून उजेड निम्मा करावा आणि परीक्षा पुन्हां घ्यावी. नकाशा वाचतां येतो व ताराही हरवत नाहीं, असा बिंदु सांपडला म्हणजे तेथें रंगाची खूण करून ठेवावी. तो बिंदु प्रत्येकाच्या डोळ्याप्रमाणें निराळा असतो. म्हणून दुसऱ्याची खूण आपण उसनी घेऊं नये.

गेल्या मार्गशीर्षांत आजीबाई पुन्हां वर आल्या. पायऱ्यांच्या पांढऱ्या कडा तांबड्या उजेडांत दिसत असल्यानें त्यांनीं कोणाचा हात धरिला नाहीं. चाळीस मिनिटें त्या शालींत गुरफटून बसल्या. मग आकाशाकडे किंचित् तिरकें पाहत बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मीं विचारिलें, "आजी, दिसतें का?" त्या म्हणाल्या, "मास्तर, जरा थांबा. मला पाहूं द्या."